रातातुई : एका फ्रेंच शाकपाकाची ओळख

आहाराविषयी लिहिताना आपण वैद्य मंडळी बहुधा आपल्याच चुलीपाशी घुटमळतो. पेज, यूष, मुगाची खिचडी, ताक, भाकरी यांच्या पलीकडे आपली पथ्यपत्रिका सहसा जात नाही. आणि रुग्ण आपल्याच गावात राहत असेल तोवर तसे जाण्याचे कारणही पडत नाही. मात्र गेल्या काही वर्षांत प्रत्येक चिकित्सालयात एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशी असते, आई येथून दूरध्वनी जोडून देते, आणि पलीकडून विचारणा होते, "येथे जे मिळते त्यातले काय खाऊ?" अशा वेळी आपले उत्तर मोघम असते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. प्रस्तुत लेखिकेचेही तसेच होते. येथे ज्या पदार्थाची ओळख करून द्यावयाची आहे, तो प्रथम समोर आला तेव्हा मी त्याची परीक्षा न करताच त्यास अपथ्य ठरविले, आणि त्या निवाड्याची किंमत माझ्या घरातल्याच दोन माणसांना मोजावी लागली. पाककृती पुढे सविस्तर येईलच. परंतु ती माझ्यापर्यंत कशी पोहोचली, हे सांगितल्यावाचून ती अर्धीच राहील.

माझी कन्या संगणक-अभियंता असून फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील सोफिया आंतिपोलिस या तंत्रनगरीत नोकरी करते आणि जवळच नीस शहरात राहते. जावई त्याच भागातले. २०१८ च्या जून महिन्यात ती प्रसूत झाली. व्हिसाच्या खटपटीत माझे जाणे लांबले आणि मी पोहोचले तेव्हा जुलैचा दुसरा आठवडा उजाडला होता. म्हणजे सूतिकाकाल म्हणून ग्रंथकारांनी जो दीड महिना सांगितला आहे, त्यातले थोडेच दिवस हाती होते. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा, शतावरी असा सरंजाम बरोबर होता. तूप मात्र नेता आले नाही, कारण बाहेरच्या देशांतून युरोपीय संघात दुग्धजन्य पदार्थ आणण्यास प्रवाशांना मनाई आहे. तेथील मिठाविरहित लोणी आणून ते मी घरी कढवले. तूप उत्तम झाले. लाडू वळले, अळिवाची खीर झाली. कन्येने पहिल्या दिवशी कौतुकाने खाल्ले, दुसऱ्या दिवशी आज्ञाधारकपणे खाल्ले आणि तिसऱ्या दिवशी ताट बाजूला सारले.

त्या वर्षीचा उन्हाळा तेथे कडक होता. नीस समुद्रकाठी असले तरी त्याचा उन्हाळा आपल्या कोकणासारखा नव्हे. तेथील पाऊस मुख्यतः शरद व हिवाळ्यातला. जुलैमध्ये आभाळ कोरडे ठणठणीत असते, रात्री नऊपर्यंत उजेड असतो, आणि दगडी भिंती दिवसभर प्यालेली उष्णता रात्री बाहेर टाकतात. अशा हवेत चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत अंगावर पाजणारी बाळंतीण डिंकाचा लाडू नको म्हणते, यात आश्चर्य ते काय? देश आणि काल हे शब्द मी विद्यार्थ्यांना तीस वर्षे शिकवीत आले. स्वतःच्या मुलीपुढे मात्र ते मला आठवले नाहीत. मी आग्रह करीत राहिले. "आई, घशाखाली उतरत नाही ग," एवढेच ती म्हणे. तिचे खाणे दिवसेंदिवस कमी होत होते. चहा, पाव, एखादे पीच, यावर ती दिवस काढी. दूध पुरत नाही अशी तिची समजूत झाली होती, आणि ती समजूत दृढ करण्यास माझा आग्रह कारणीभूत होत होता, हे मला फार उशिरा कळले.

आमच्या विहीणबाई नीसच्या पाठीमागील डोंगरातल्या एका खेड्यात एकट्या राहतात. वय सत्तरीच्या पुढचे. परसात भाजीपाला, दोन-चार ऑलिव्हची झाडे. दर मंगळवारी त्या बसने शहरात येत आणि दोन पिशव्या भरून भाजी आणीत. त्यांना इंग्रजी येत नव्हते, मला फ्रेंच येत नव्हते. पहिल्या मंगळवारी आम्ही दोघी समोरासमोर बसून नुसत्या हसलो. दुसऱ्या मंगळवारी त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा मागितला आणि अडीच तासांनी एक बिडाचे जड भांडे मेजावर आणून ठेवले. झाकण काढताच लसूण, टोमॅटो आणि काहीशा ओव्यासारख्या पानांचा वास दरवळला. आत वांगी, ढोबळी मिरची, टोमॅटो, कांदा आणि झुकिनी होती, सगळे तेलात निथळणारे.

मी कन्येला म्हटले, "त्यांना सांग, हे बाळंतिणीला चालणार नाही." वांगे, मिरची, आंबट टोमॅटो आणि वर लसूण. एकेका द्रव्यावर मी बोट ठेवून नकारार्थी मान हलवली. कन्येने काय भाषांतर केले ते मला ठाऊक नाही, पण मानेचे भाषांतर करावे लागत नाही. विहीणबाईंनी शांतपणे झाकण परत ठेवले, पिशव्या घडी करून घेतल्या आणि चारच्या बसने त्या निघून गेल्या. त्या रात्री मुलगी न जेवता झोपली.

पहाटे बाळाच्या रडण्याने मला जाग आली. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर कन्या अंधारात उभी राहून त्या भांड्यातले गार शाक पावाच्या तुकड्याने खात होती. मला पाहून ती दचकली. घरात आपल्याच आईपासून लपून जेवणारी बाळंतीण, हे दृश्य कोणत्याही वैद्येला अभिमानास्पद नाही. मी दुसरा चमचा घेतला आणि तिच्या शेजारी उभी राहून चव घेतली.

पदार्थाचे नाव रातातुई. शेवटचा 'ल' उच्चारात नाही. प्रोव्हान्सच्या ऑक्सितान भाषेतील रूप रातातोल्या. त्याचा संबंध फ्रेंचमधील तुइये, म्हणजे ढवळणे, या क्रियापदाशी लावतात. एकोणिसाव्या शतकात या नावाने कोणतेही ओबडधोबड कालवण ओळखले जाई, आणि सैनिकांच्या बोलीत खाणावळीच्या जेवणाला आजही 'राता' म्हणतात. नावाला प्रतिष्ठा अशी नाहीच. उन्हाळी भाज्यांचा हा विशिष्ट पदार्थ नीसचा म्हणून प्रसिद्ध झाला तो विसाव्या शतकात. इंग्लंडमध्ये तो पोहोचविण्यात एलिझाबेथ डेव्हिड यांच्या १९५० सालच्या भूमध्यसागरी पाककृतींच्या पुस्तकाचा वाटा होता. २००७ च्या एका लोकप्रिय अमेरिकी व्यंगचित्रपटाने तर हे नाव जगभरच्या मुलांच्या तोंडी नेले. त्या चित्रपटात दिसणाऱ्या पातळ, वर्तुळाकार, ओळीने रचलेल्या चकत्या ही मूळ रातातुई नव्हे; मिशेल गेरार या बल्लवाचार्यांनी १९७६ मध्ये योजिलेल्या पद्धतीचे ते पुढचे रूप आहे. विहीणबाईंना नातेवाइकांच्या मुलांनी ते चित्र दाखविले होते. "ते उपाहारगृहासाठी," असे म्हणून त्यांनी हात झटकला होता, असे कन्या सांगे.

नीस हे १८६० पर्यंत फ्रान्सचा भाग नव्हते. १३८८ पासून मध्यंतरीचे काही काळ वगळता ते साव्हॉय घराण्याच्या सत्तेखाली होते. म्हणून तेथील अन्नात इटलीचा शेजार जाणवतो. जुन्या शहरातील कूर सालेया या चौकात सोमवार वगळता रोज सकाळी बाजार भरतो. पुढे मी तेथे नियमाने जाऊ लागले. नखाने टोचले तर रस येईल अशी कोवळी झुकिनी, तिची पिवळी फुले (त्यांची भजी करतात, आपल्या भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांसारखीच), चेंडूसारखी गोल झुकिनी, जांभळी लांब वांगी, आणि काय्येतिए जातीची बारीक काळी ऑलिव्ह फळे. त्याच परिसरात हरभऱ्याच्या पिठाचे मोठे धिरडे भट्टीत भाजून तुकड्यांनी विकतात. त्यास सोका म्हणतात. ते खाताना मला घरची आठवण झाली आणि थोडे धैर्यही आले.

आता द्रव्यविचार. या पाच भाज्यांपैकी वांगे आपले. वातिंगण या संस्कृत नावावरून फारसीत बादिंगान, अरबीत अल्-बादिंजान, तेथून कातालान भाषेत अल्बेर्जिनिया आणि फ्रेंचमध्ये ओबेर्जिन. दुसऱ्या वाटेने हेच नाव पोर्तुगीज झाले, गोव्याच्या बाजूने हिंदुस्थानात परतले आणि इंग्रजीत 'ब्रिंजल' म्हणून रुजले. आपले 'वांगे' त्याच कुळातले. बाकी टोमॅटो, ढोबळी मिरची आणि झुकिनीचे मूळ कुल ही तिन्ही अमेरिका खंडातून आलेली. झुकिनीचे आजचे रूप इटलीत घडले. टोमॅटो सोळाव्या शतकात युरोपात पोहोचला, पण बराच काळ तेथे लोक त्याकडे संशयानेच पाहत. ही सर्व भाजी एका भांड्यात येण्यास त्यामुळे फार जुना काळ असू शकत नाही, जरी विहीणबाईंच्या मते त्यांच्या घरी हे पूर्वापार होत आले आहे.

आपल्या निघंटूंत अर्थातच ही तीन द्रव्ये नाहीत. भावमिश्रांनी सोळाव्या शतकात फिरंग्यांबरोबर आलेल्या रोगाची नोंद केली, पण टोमॅटोची करण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. वांग्याविषयी मात्र ते सविस्तर लिहितात. आपण वैद्य 'वांगे उष्ण, वांगे वातूळ' असे सरसकट म्हणून मोकळे होतो. लोकसमजुतीचा आपल्यावर पगडा असतो. भावप्रकाशात वृन्ताक दीपन, लघु, वातकफघ्न म्हटले आहे. कोवळे फळ कफपित्तघ्न आणि जून झालेले पित्तकर, असा भेद तेथे केला आहे. निखाऱ्यावर भाजलेले अतिशय लघु. तेच तेल व मीठ घातले की गुरू आणि स्निग्ध होते, हेही स्पष्ट सांगितले आहे. त्या पहाटेनंतर मी कन्येच्या संगणकावर हा भाग काढून पुन्हा वाचला, आणि मंगळवारी बोट ठेवून मान हलवताना आपण नेमके काय नाकारत होतो, हा प्रश्न स्वतःला विचारला. द्रव्य नाकारले होते. त्याचा संस्कार पाहिलाच नव्हता. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची जी आठ आयतने सांगितली, त्यांत प्रकृतीनंतर लगेच करण आणि संयोग येतात. मी प्रकृतीपाशीच थांबले होते.

पुढच्या मंगळवारची वाट न पाहता मी कन्येकडून दूरध्वनी करविला. निरोप साधा होता : "आईला ते शिकायचे आहे." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग विहीणबाईंनी विचारले, घरात किती कांदे आहेत?

त्यांनी शिकविली ती पद्धत पुढीलप्रमाणे. सहा माणसांसाठी कोवळी वांगी अर्धा किलो, झुकिनी अर्धा किलो, लाल-पिवळी-हिरवी मिळून ढोबळी मिरची अर्धा किलो, पूर्ण पिकलेले टोमॅटो पाऊण ते एक किलो, दोन मोठे कांदे, लसणीच्या चार-पाच पाकळ्या, ऑलिव्ह तेल अर्धी वाटी (साधारण १०० ते १२० मिलिलिटर), थाईमच्या तीन-चार काड्या, लॉरेलचे एक पान, बेझिलची मूठभर पाने, मीठ व मिरे. पाणी अजिबात नाही.

वांग्याचे साल न काढता इंचभर फोडी कराव्या, त्यांस मीठ चोळून चाळणीत अर्धा तास निथळत ठेवाव्या आणि मग फडक्याने टिपून कोरड्या कराव्या. वांग्याचा गर स्पंजासारखा सच्छिद्र असतो. त्यातील पोकळ्या मिठाने आक्रसल्या की तो तेल कमी पितो. हा टप्पा गाळला तर अर्धी वाटी तेल पहिल्या पाच मिनिटांतच नाहीसे होते आणि मग माणूस वरून ओतत राहतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात तसेच झाले. टोमॅटोच्या बुडाशी फुलीसारखी चीर देऊन अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात टाकावे, लगेच गार पाण्यात घालून साल ओढून काढावी, आडवे कापून बिया व पाणी पिळून टाकावे आणि गर चिरावा. ढोबळी मिरची विस्तवावर काळी होईपर्यंत भाजावी, अगदी आपण भरिताचे वांगे भाजतो तशी. मग झाकून पंधरा मिनिटे ठेवली की साल आपोआप सुटते. या एका कृतीवर विहीणबाईंचा फार कटाक्ष. सालीसकट मिरची पोटात जड होते, असे त्या म्हणत. आणि मला त्याविषयी वाद घालण्याचे कारण दिसले नाही.

त्यानंतर खरे काम. जाड बुडाच्या भांड्यात तीन चमचे तेल तापवून वांग्याच्या फोडी मध्यम आचेवर दहा मिनिटे परताव्या, सोनेरी झाल्या की काढून ठेवाव्या. त्याच भांड्यात चमचाभर तेल घालून झुकिनीचे अर्धा इंच जाडीचे काप मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटे. आच मंद असेल तर झुकिनी पाणी सोडते आणि मग ती परतली न जाता शिजते. तीही काढून ठेवावी. आता उरलेले तेल घालून उभा चिरलेला कांदा अगदी मंद आचेवर पंधरा मिनिटे. तो तांबूस होऊ द्यावयाचा नाही, पारदर्शक आणि गोड व्हावा. शेवटच्या मिनिटाला ठेचलेला लसूण. मग टोमॅटो, थाईम, लॉरेलचे पान. हे सर्व पंधरा-वीस मिनिटे उघडे शिजवून दाट करावे. रस दाट होण्यापूर्वी बाकीच्या भाज्या घातल्या तर रातातुईचे पातळ कालवण होते आणि ते पुन्हा सुधारत नाही. दाट झाला की वांगे, झुकिनी आणि सोललेल्या मिरचीच्या पट्ट्या त्यात सोडाव्या, मीठ बेताने (वांग्यास आधीच लागलेले असते), मिरे, आणि अर्धवट झाकणाने अगदी मंद आचेवर अर्धा तास.

या अर्ध्या तासात ढवळावयाचे नाही. नावातच ढवळणे असलेला हा पदार्थ, पण मी लाकडी डाव हाती घेतला की विहीणबाई माझे मनगट धरीत. भांडे दोन्ही हातांनी उचलून हलके हिंदळावे, फार तर तळातून एकदा डाव फिरवावा. फोडी अखंड राहिल्या पाहिजेत, तरी जिभेवर विरघळल्या पाहिजेत. आच बंद केल्यावर बेझिलची पाने हाताने फाडून घालावी. सुरीने चिरली तर ती काळवंडतात. तेल वर सुटले असेल तर ते चमच्याने काढून घ्यावे. दुसऱ्या दिवशी पावाला लावण्यास उपयोगी पडते. आणि मग किमान तासभर भांड्यास हात लावू नये.

प्रत्येक भाजी वेगळी परतावी की सर्व एकत्र घालावे, यावर तेथे घराघरांत वाद आहेत. नीसचे अनेक वर्षे महापौर असलेले झाक मेदसँ यांनी आपल्या प्रांताच्या पाककलेवर १९७२ मध्ये ग्रंथ लिहिला. राजकारणात त्यांची अखेर बरी झाली नाही, पण पुस्तक अद्याप घरोघर आहे. तेही वेगळ्या परतण्याच्या पक्षाचे. कामकरी घरात मात्र बहुतेक जणी सर्व एकदम घालतात, आणि जावईबापूंनी मला कानात सांगितले की, आईसुद्धा पाहुणे नसताना तसेच करते. मी दोन्ही प्रकारे करून पाहिले. एकत्र केलेले रुचकर असते, पण त्यात वांगे टोमॅटोच्या आंबट रसात सुरुवातीपासून शिजते आणि कडक राहते. आम्लाने भाजी लवकर मऊ होत नाही, हे आपण आमटीत चिंच आधी न घालण्यावरून जाणतोच. वेगळ्या परतण्यात प्रत्येक द्रव्यास त्याच्या जोगा अग्निसंस्कार मिळतो आणि संयोग शेवटी होतो. त्या अडीच तासांचे कारण मला यात सापडले.

सुगंधी पानांविषयी थोडे. थाईमचा जो गंध मला ओव्यासारखा वाटला, तो भास नव्हता. थायमॉल हे द्रव्य दोहोंत आहे. लसूण, मिरे, थाईम आणि मंद आचेवरचे तेल यांनी या शाकास दीपन-पाचनाची जोड आपोआप मिळते, असे म्हणण्यास हरकत नसावी. बेझिल म्हणजे आपली तुळस नव्हे. जिचे बी आपण सब्जा म्हणून भिजवतो त्या वनस्पतीची ती भावंडे. लॉरेलचे पान आणि आपले तमालपत्र यांतही गल्लत होते. तमालपत्र दालचिनीच्या कुळातील, त्यावर देठापासून टोकाकडे तीन ठळक शिरा असतात. लॉरेलला मध्ये एकच. आपल्या दुकानांत दोन्ही एकाच नावाने मिळतात, तेव्हा पान उलटून पाहावे.

भूमध्यसागरी आहाराची कीर्ती आज फार आहे. २०१० मध्ये युनेस्कोने तो अमूर्त वारशात नोंदविला, २०१३ मध्ये आणखी देश त्यात आले; गंमत अशी की त्या यादीत फ्रान्स नाही. या आहारावरील संशोधने संपूर्ण आहारपद्धतीविषयी आहेत. त्यांचे श्रेय एका भांड्यातील शाकास देऊन त्याची औषधी म्हणून जाहिरात करण्याचा मोह आपण टाळावा. रातातुई हे अन्न आहे.

कन्येविषयी सांगावयाचे तर, शिकल्यानंतर पहिली रातातुई मी तिला सायंकाळी कोमट, मऊ भाताबरोबर, वर चमचाभर कढवलेले तूप घालून दिली. विहीणबाईंनी तूप पाहून भुवया उंचावल्या. मी त्यांच्या मिरीकडे पाहून उंचावल्या होत्या, तेव्हा हिशेब फिटला. मुलीने दोनदा मागून घेतले. पुढे आठवड्यातून दोनदा हे शाक, इतर दिवशी मुगाचे वरण, दुधी, आणि लाडू मात्र अर्धा, तोही पहाटेच्या गारव्यात. असा क्रम बसला. भूक परतली, झोप सुधारली आणि दुधाविषयीची तिची चिंता ऑगस्ट संपेपर्यंत मावळली. बाळास पोटाचा त्रास झाला नाही. एका उदाहरणावरून सिद्धान्त बांधता येत नाही, हे सुज्ञ वाचकांस सांगणे न लगे. अम्लपित्त, त्वग्विकार असलेल्या बाळंतिणीस मी आजही हे शाक सांगणार नाही. आणि ज्या सूतिकेचा अग्नी पहिल्या दहा-पंधरा दिवसांत नाजूक आहे, तिला तर नाहीच. कन्येला त्याचा गुण आला तो वांग्यामुळे की समोर बसून कोणी आग्रह करीत नव्हते म्हणून, हे मी निश्चयाने सांगू शकत नाही.

एका मुद्द्यावर आम्हा विहिणींचे शेवटपर्यंत एकमत झाले नाही. त्यांच्या मते रातातुई दुसऱ्या दिवशी, गार खावी. तेव्हाच ती मुरते. चव मुरते हे खरे, कारण आंबट, गोड आणि सुगंधी रस फोडींच्या आतवर जाण्यास वेळ लागतोच. तरी शिळे अन्न बाळंतिणीस देण्यास माझे मन घेईना. अखेर सकाळी करावयाची आणि सायंकाळी खावयाची, अशी तडजोड झाली. दुसऱ्या दिवशीचा वाटा विहीणबाई स्वतः फोडलेल्या अंड्याबरोबर खात आणि माझ्याकडे पाहून चमचा वर करीत. वांग्याच्या नावाची कथा मी कन्येकरवी त्यांना सांगितली, तेव्हा त्यांनी विचारपूर्वक उत्तर दिले, "मग तुम्हाला ते वर्ज्य कसे?"

येथे साताऱ्यास परतल्यावर मी हे शाक अनेकदा केले आहे. झुकिनी आता पुण्याहून सहज मिळते. न मिळाल्यास अगदी कोवळा दुधी चालतो, मात्र तो मोठ्या आचेवर परतून पाणी आटवावे लागते. दोडका घालून पाहिला, तो घालू नये. वांगी भरताची नकोत, कृष्णाकाठची कोवळी, बिया न धरलेली घ्यावी. ऑलिव्ह तेल परवडत नसेल तर घाण्याचे शेंगदाणा तेल वापरावे. चव बदलते, पण पदार्थ बिघडत नाही. तिळाचे तेल मात्र टोमॅटोवर स्वार होते. थाईम नसेल तर चिमटीपेक्षाही कमी ओवा, तोही कांद्याबरोबर. आपली उन्हाळी टोमॅटो आंबट असतात म्हणून कांदा एक वाढवावा. साखर घालू नये. भाकरीबरोबर हे शाक इतके चांगले लागते की विहीणबाईंना ते कळविल्याशिवाय राहवले नाही. त्यांनी उलट विचारले, भाकरी कशाची? ज्वारीचे पीठ पाठविले आहे. भाकरी थापता येत नाही अशी तक्रार आली आहे, आणि पुढील भेटीत तो धडा माझ्याकडे लागला आहे.